अवकाशस्थ वेधशाळा, भारतीय

पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, कृत्रिम उपग्रहावर दूरदर्शक व अभिज्ञातक बसवून खस्थ पदार्थांचे दीर्घकाळ व नियमितपणे वेध घेणाऱ्या यंत्रणेस अवकाशस्थ वेधशाळा म्हणतात. एकाच वेळी दृश्य प्रकाश, जंबुपार प्रारण व क्ष-किरण यांमध्ये वेध घेणारी भारताची अशी पहिली वेधशाळा म्हणजे २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित केलेला ‘ॲस्ट्रोसॅट’ हा उपग्रह होय. तिच्या उभारणीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याचे आंतर-विद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र (आयुका) या महाराष्ट्रातील दोन संस्थांचा मोठा वाटा आहे. वेधशाळा जमिनीवर असो वा अवकाशात, तिच्या संचालनातील मूळ प्रश्न वेधकालाचा, म्हणजे वेधासाठी प्रत्यक्ष हाती येणाऱ्या वेळेचा असतो. उपकरण वातावरणापलीकडे नेल्याने हा प्रश्न संपला नाही. त्याचे स्वरूप तेवढे बदलले. ॲस्ट्रोसॅटचे दैनंदिन कार्य या दृष्टीने पाहिल्यास अधिक स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : दख्खनच्या पठारावरील आधुनिक ज्योतिषशास्त्रीय वेधांच्या इतिहासात २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला विशेष स्थान आहे. चंद्राच्या गडद छायेचा पट्टा कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गजवळ भूमीवर आला आणि सह्याद्री ओलांडून, तत्कालीन सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड परिसरावरून ईशान्येस सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे गेला. विजयदुर्ग येथे इंग्लिश ज्योतिर्विद नॉर्मन लॉक्यर यांचे पथक होते; जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कँबेल आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांची पथके होती. नायगमवालांच्या देखरेखीखाली पुण्यात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा स्थापन झाली होती. तेथील सु. ५१ सेंमी. व्यासाचा परावर्तक दूरदर्शक त्या काळी भारतातील सर्वांत मोठा होता. महिनोन्‌महिने चाललेल्या या पथकांच्या तयारीच्या मोबदल्यात त्यांना खग्रास अवस्थेची जेमतेम दोन मिनिटे मिळावयाची होती. तेवढ्या अवधीत सूर्याच्या किरीटाची छायाचित्रे व वर्णपट घ्यावयाचे असल्याने प्रत्येक हालचालीची आधी तालीम करावी लागे.

ग्रहणाचा विषय सोडला तरी या प्रदेशात वेधकाल मर्यादितच असतो. जून ते सप्टेंबर या महिन्यांत सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम भागावर नैऋत्य मोसमी ढगांचे आच्छादन असते. शिवाय आकाश निरभ्र असले तरी वातावरण काही प्रारणे जमिनीपर्यंत येऊच देत नाही. ओझोन वायूमुळे जंबुपार प्रारणाचा बहुतेक भाग शोषला जातो, तर खस्थ पदार्थांपासून येणारे क्ष-किरण वातावरणाच्या वरच्या थरांतच नाहीसे होतात. महाबळेश्वरच्या सु. १,४०० मी. उंचीमुळेच नव्हे, तर हिमालयाच्या उंचीमुळेही यात फरक पडत नाही. त्यामुळे या प्रारणांच्या अभ्यासासाठी फुगे, अग्निबाण व अखेरीस उपग्रह यांचा अवलंब करावा लागला.

सूर्यकुलाबाहेरील पहिला क्ष-किरण उद्‌गम १९६२ मध्ये अमेरिकेतील एका अग्निबाणाच्या उड्डाणात आढळला. या उड्डाणात प्रत्यक्ष वेध काही मिनिटेच घेता आले होते. केवळ क्ष-किरण ज्योतिषशास्त्राला वाहिलेला ‘उहुरू’ हा पहिला उपग्रह १९७० मध्ये सोडण्यात आला. भारतात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबाद येथून फुग्यांच्या साहाय्याने प्रयोग केले. ‘आर्यभट’ या पहिल्या भारतीय उपग्रहावरही (१९७५) क्ष-किरणांचा प्रयोग होता. पण विद्युत् पुरवठ्यातील बिघाडामुळे तो काही दिवसांतच बंद पडला. पुढे १९९६ मध्ये आयआरएस-पी ३ या उपग्रहावरील लहान क्ष-किरण उपकरणांनी द्वैती ताऱ्यांचे उपयुक्त वेध घेतले. तथापि हा उपग्रह मुख्यतः दूरस्थ संवेदनासाठी होता. ज्योतिषशास्त्राच्या वाट्याला त्याचा उरलेला वेळ येई. संपूर्ण वेळ वेधांसाठी देणाऱ्या स्वतंत्र उपग्रहाची गरज यातून पुढे आली.

रचना : प्रक्षेपणसमयी ॲस्ट्रोसॅटचे वस्तुमान सु. १,५१५ किग्रॅ. होते व त्यास सु. ६५० किमी. उंचीच्या, विषुववृत्ताशी केवळ ६ अंशांचा कोन करणाऱ्या कक्षेत ठेवण्यात आले. त्यावर पाच मुख्य उपकरणे आहेत : (१) सु. ३८ सेंमी. व्यासाच्या दोन दूरदर्शकांनी युक्त असा जंबुपार प्रतिमादर्शक. (२) मंद ऊर्जेच्या क्ष-किरणांचा दूरदर्शक. (३) ३ ते ८० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या क्ष-किरणांसाठी मोठ्या क्षेत्रफळाचे तीन गणित्र. (४) कॅडमियम-झिंक-टेल्युराइड स्फटिकांचा प्रतिमादर्शक आणि (५) नव्याने उजळणाऱ्या उद्‌गमांवर लक्ष ठेवणारा आकाश-निरीक्षक. पहिल्या चार उपकरणांचे अक्ष एकाच दिशेस रोखलेले असल्यामुळे एकाच उद्‌गमाचे निरनिराळ्या ऊर्जांतील वेध एकाच क्षणी मिळतात. कृष्ण विवराभोवतीच्या तप्त वायूची दीप्ती काही सेकंदांत, कधी त्याहूनही जलद, बदलते. अशा बदलांचा कार्यकारणसंबंध लावण्यासाठी ही समकालीनता अत्यावश्यक असते.

वेधकालाचे वाटप : वेधशाळेचा वेळ कोणास द्यावयाचा हे स्पर्धात्मक प्रस्तावांतून ठरते. ठराविक कालावधीने प्रस्ताव मागविले जातात. संशोधकाने कोणत्या उद्‌गमाचा वेध, कोणत्या उपकरणाने, किती हजार सेकंद घ्यावयाचा आणि त्यातून कोणत्या प्रश्नाचे उत्तर अपेक्षित आहे हे मांडावयाचे असते. एक समिती प्रस्तावाचे शास्त्रीय मूल्य तपासते, तर दुसरी त्याची तांत्रिक शक्यता पाहते. उदा., जंबुपार प्रतिमादर्शकाच्या दृष्टिक्षेत्रात फार तेजस्वी तारा येत असल्यास त्याच्या अभिज्ञातकास इजा होण्याचा संभव असतो, म्हणून असा प्रस्ताव नाकारावा किंवा बदलावा लागतो. प्रस्ताव स्वीकारण्याची संगणकीय व्यवस्था आयुकाने विकसित केली असून, वापरकर्त्यांच्या मार्गदर्शनासाठी तेथे स्वतंत्र साहाय्य कक्षही आहे. अकस्मात उजळलेल्या उद्‌गमांसाठी काही वेळ राखून ठेवलेला असतो.

एका दिवसाचे कार्य : मंजूर वेधांचे वेळापत्रक आखणे हे संचालनातील सर्वांत कठीण काम होय. प्रक्षेपणाच्या वेळच्या कक्षेत उपग्रहाची एक फेरी सु. ९८ मिनिटांत पूर्ण होत असल्याने दिवसाला सु. पंधरा फेऱ्या होतात. साहजिकच उपग्रहावर दर दिवशी सु. पंधरा ‘रात्री’ येतात व त्यांतील प्रत्येक सु. अर्ध्या तासाची असते. जंबुपार वेध केवळ या रात्रींतच घेतले जातात. प्रत्येक फेरीत बहुतेक उद्‌गम काही काळ पृथ्वीआड जातात. दक्षिण अटलांटिक महासागरावरील भागात प्रारण पट्ट्यांतील विद्युत् भारित कणांची संख्या फार मोठी असते. उपग्रह त्या भागाच्या कडेवरून जात असताना उपकरणे सुरक्षित अवस्थेत न्यावी लागतात. ही सूचना देण्यासाठी उपग्रहावर एक कणगणित्र बसविलेले आहे. याशिवाय दूरदर्शक सूर्यापासून सुरक्षित कोनीय अंतरावर ठेवणे आणि कक्षीय गतीच्या दिशेकडे त्यांचे तोंड न करणे, ही पथ्येही पाळावी लागतात. कारण त्या उंचीवरील विरळ ऑक्सिजन अणू वेगाने आदळून आरशांच्या पृष्ठभागास हानी पोहोचवितात.

या सर्व बंधनांतून उरलेल्या वेळेत वेधांचा क्रम बसवून बंगळूरूच्या संचालन केंद्रातून उपग्रहास आज्ञा पाठविल्या जातात. साठविलेली माहिती बंगळूरूजवळील ब्यालाळू येथील केंद्रावर उतरविली जाते. कक्षा विषुववृत्तालगत असल्याने उपग्रह जवळजवळ प्रत्येक फेरीत दक्षिण भारतातून संपर्काच्या टप्प्यात येतो. सातारा व सांगली येथील क्षितिजावरही तो येतो, परंतु तो नेहमी दक्षिणेकडेच राहतो, ६५० किमी. उंची धरल्यास सांगली येथून त्याची क्षितिजापासूनची कोनीय उंची सु. २२ अंशांपेक्षा अधिक होऊ शकत नाही. उतरविलेली माहिती प्राथमिक संस्कारानंतर त्या त्या उपकरणाच्या केंद्राकडे जाते : स्फटिकी प्रतिमादर्शकाची पुण्यास, गणित्रांची व मंद क्ष-किरण दूरदर्शकाची मुंबईस, तर जंबुपार प्रतिमादर्शकाची बंगळूरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे. तेथे दिशा व वेळ यांच्या सूक्ष्म दुरुस्त्या करून ती संशोधकाच्या हाती दिली जाते.

फलनिष्पत्ती : अशा विखुरलेल्या तुकड्यांची बेरीज करूनच महत्त्वाचे निष्कर्ष हाती आले. आयुकातील कनक साहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सु. ९३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील एका दीर्घिकेतून येणारे तीव्र जंबुपार प्रारण ओळखल्याचे प्रसिद्ध केले. त्यासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये एकूण २८ तासांहून अधिक वेध घेतले होते. अर्ध्या तासाच्या रात्री लक्षात घेता पन्नासाहून अधिक फेऱ्यांतील वेळ त्यासाठी खर्ची पडला. खेकडा अभ्रिकेतील स्पंदकाच्या क्ष-किरणांचे ध्रुवण त्याच्या प्रत्येक परिभ्रमणात कसे बदलते, हेही सु. दीड वर्षातील अनेक वेध एकत्र करून दाखविण्यात आले (२०१७).

नियोजनाबाहेरील नोंदींनाही महत्त्व आहे. जास्त ऊर्जेचे किरण उपग्रहाच्या बाजूंतून आरपार जात असल्यामुळे स्फटिकी प्रतिमादर्शक त्याच्या अक्षापासून दूर घडणारे गॅमा किरण स्फोटही टिपतो; नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा स्फोटांची संख्या ६०० झाली. गुरुत्वीय तरंगांची एक घटना ४ जानेवारी २०१७ रोजी नोंदली गेली. त्यानंतर त्याच दिशेस आढळलेला विझत जाणारा प्रकाश त्याच घटनेचा असावा, अशी शंका घेण्यात आली. या उपकरणाच्या नोंदींवरून तो प्रकाश सु. २१ तासांनंतर घडलेल्या एका स्वतंत्र स्फोटाचा असल्याचे स्पष्ट झाले. कोणाच्याही प्रस्तावात नसलेल्या दिवशीची नोंद जपून ठेवलेली असल्यामुळेच हा निर्णय शक्य झाला.

मर्यादा व भवितव्य : अवकाशातील उपकरण बिघडल्यास सामान्यतः ते हाताने दुरुस्त करता येत नाही. हबल दूरदर्शकाची (१९९०) दुरुस्ती अंतराळवीरांनी केली, पण तो अपवाद होय. ॲस्ट्रोसॅटच्या तीन गणित्रांपैकी एक २०१८ मध्ये बंद करावा लागला व त्याच वर्षी जंबुपार प्रतिमादर्शकाचा एक विभाग निकामी झाला. उरलेल्या उपकरणांनिशी कार्य चालू राहिले. पाच वर्षांसाठी योजिलेल्या या वेधशाळेने २०२५ मध्ये दहा वर्षे पूर्ण केली. १ जानेवारी २०२४ रोजी क्ष-किरणांच्या ध्रुवणाच्या अभ्यासासाठी ‘एक्सपोसॅट’ हा उपग्रहही सोडण्यात आला.

वेध घेतल्यानंतर ठराविक मुदतीपर्यंत माहितीवर मूळ संशोधकाचा हक्क असतो. त्यानंतर ती सर्वांसाठी खुली होते. ॲस्ट्रोसॅटचे संग्रहालय सप्टेंबर २०१८ मध्ये याप्रमाणे खुले करण्यात आले. १८९८ साली कऱ्हाडच्या परिसरात ज्यांनी ग्रहण पाहिले, त्यांच्यासाठी ती दोन मिनिटे सरली की संपली. पथकांनी घेतलेली छायाचित्रे परदेशी किंवा महाविद्यालयांच्या कपाटांत गेली. आता कऱ्हाड वा सांगली येथील महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थीही नावनोंदणी करून दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या फेरीतील मूळ नोंदी अभ्यासू शकतो व त्यांतून नवा प्रश्न काढू शकतो. एकदा खर्ची पडलेला वेधकाल अशा रीतीने पुन्हा उपयोगात येतो.