1976 साली जयपूर पाहणारे पाहुणे

जयपूरला जाऊन आलेला मराठी माणूस गुलाबी शहराचं कौतुक करतोच. सवाई जयसिंगांनी 1727 साली शहर वसवलं, पण आजच्या या गुलाबी रंगाची गोष्ट पुढची आहे. फेब्रुवारी 1876 मध्ये इंग्लंडचे युवराज अल्बर्ट एडवर्ड येणार म्हणून महाराजा रामसिंग दुसरे यांनी शहर रंगवून घेतलं, असं सांगितलं जातं. पाहुणे गेले, रंग राहिला. पाहुण्यासाठी घर सजवण्यात गैर काही नाही. मला बोलायचंय ते त्यानंतर 100 वर्षांनी, 1976 साली इथे आलेल्या पाहुण्यांबद्दल.

हुकूमशाही देशात फिरून आलेले लोक नेहमी सांगतात, ‘अहो, रस्ते स्वच्छ होते, माणसं हसत होती, आम्हाला तर काही त्रास झाला नाही.’ सोव्हिएत रशियात 1929 पासून इन्टूरिस्ट नावाची सरकारी संस्था परदेशी माणसाचं हॉटेल, गाडी, दुभाष्या, सगळं ठरवायची. उत्तर कोरियात सोबत सरकारी वाटाड्या असल्याशिवाय फिरताच येत नाही. आपल्या आणीबाणीत असं काही नव्हतं. आणीबाणीला स्टालिनच्या रशियाच्या पंगतीला बसवणं मला पटत नाही. पण म्हणूनच आपलं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. पाहुण्यावर पहारा नव्हता, तरी त्याला काही दिसलं नाही.

आता रामबाग पॅलेस बघा. महाराजा मानसिंग दुसरे यांनी 1957 साली आपल्या या राजवाड्याचं हॉटेल केलं. 1972 पासून त्याची व्यवस्था ताज समूहाकडे गेली. मोर, हिरवळ, संध्याकाळचा चहा. मानसिंगांच्या पत्नी गायत्रीदेवी याच वाड्यात महाराणी म्हणून राहिल्या होत्या. 1962, 1967 आणि 1971 असं तीनदा जयपूरकरांनी त्यांना स्वतंत्र पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत पाठवलं होतं. फेब्रुवारी 1975 मध्ये घराण्याच्या मालमत्तेवर आयकर खात्याचे छापे पडले. 25 जूनच्या रात्री आणीबाणी आली आणि जुलैच्या अखेरीस गायत्रीदेवींना ‘कोफेपोसा’खाली, म्हणजे तस्करांसाठी केलेल्या कायद्याखाली, अटक झाली. रवानगी थेट तिहारमध्ये. पुढे ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदेही तिथेच आल्या. गायत्रीदेवी जवळपास साडेपाच महिने आत होत्या. त्या काळातही रामबागेत पाहुणे उतरत होते, राजघराण्याच्या तसबिरींखाली बसून जेवत होते.

त्यांच्याबरोबर पकडलेल्या दुसऱ्या माणसाबद्दल मी जरा थांबून बोलणार आहे, कारण गणवेश मीही घातलाय. लेफ्टनंट कर्नल भवानीसिंग, गायत्रीदेवींचे सावत्र पुत्र. 1971 च्या युद्धात 10 पॅरा कमांडोच्या जवानांना घेऊन ते सिंधच्या वाळवंटात खोल शिरले आणि छाछरोवर धाड घातली. त्यासाठी महावीर चक्र मिळालं. त्यानंतर चार वर्षांत हाच माणूस तिहारच्या कोठडीत. त्यांच्या हिशेबात काही खोट असेल तर खटला चालवा, शिक्षा करा. पण विनाचौकशी कोंडून ठेवायचं, हे कुठल्या शिस्तीत बसतं?

आणि मग जयगड. पुरंदरच्या तहामुळे आमेरचे मिर्झाराजे जयसिंग आपल्याला माहीत असतात. त्या आमेरच्या डोक्यावर, डोंगरात हा किल्ला आहे. राजा मानसिंगाने काबूलच्या मोहिमेतून आणलेलं धन इथे पुरलंय, ही पिढ्यान्‌पिढ्यांची दंतकथा. 1976 च्या उन्हाळ्यात सरकारने ती खरी मानून खोदायला सुरुवात केली. आयकर खात्याच्या जोडीला लष्कराची माणसं आणि यंत्रं आली. सीमेवर सुरुंग शोधणाऱ्यांना किल्ल्यात सोनं शोधायला लावलं! सुमारे पाच महिने हे चाललं. खाली आमेरला पर्यटक हत्तीवर बसून किल्ला चढत होते आणि वर दरवाजे बंद. देशातल्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. गंमत म्हणजे पाकिस्तानात भुट्टोंना खबर होती. त्यांनी ऑगस्टमध्ये इंदिरा गांधींना पत्र लिहून फाळणीच्या हिशेबाने खजिन्यात वाटा मागितला. वर्षअखेरीस उत्तर गेलं की वाटा नाही, आणि खजिनाही सापडलेला नाही. शोध संपला तेव्हा दिल्ली–जयपूर रस्ता बंद करून ट्रक नेले, असं जयपुरात अजून सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण बातम्या बंद झाल्या की माणसं अफवांवरच जगतात.

परदेशी पाहुण्यांचे आकडेही बघण्यासारखे आहेत. 1975 मध्ये भारतात सुमारे 4 लाख 65 हजार आले, 1976 मध्ये सुमारे 5 लाख 34 हजार. ही वाढ आधीपासून चालू होती, आणीबाणीमुळे झाली असं मी म्हणत नाही. पण आणीबाणीने ती थांबलीही नाही. याच सरकारने काही परदेशी वार्ताहरांना देशाबाहेर काढलं होतं. वार्ताहर प्रश्न विचारतो, पर्यटक फोटो काढतो.

फोटोत काय येणार? शहा आयोगाच्या हिशेबाने आणीबाणीत विनाचौकशी कोंडलेले आणि अटक झालेले मिळून 1 लाख 10 हजारांवर होते. भैरोसिंह शेखावतांसारखे राजस्थानातले पुढारीही तुरुंगात. 1976-77 या एका वर्षात देशभर 80 लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. कित्येक ठिकाणी शाळामास्तरांनाही माणसं आणण्याचं लक्ष्य दिलेलं. हवामहलासमोर बांगड्या विकणाऱ्याच्या मनात यातलं काय चाललं होतं, हे दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला कळणार कसं? दुकानदार गिऱ्हाइकाशी हसूनच बोलतो. शेजारी कोण उभा आहे हे बघून गप्पही बसतो.

तो बोलला मार्च 1977 मध्ये, मतपेटीत. राजस्थानात लोकसभेच्या 25 जागा होत्या. 24 जनता पक्षाला गेल्या, काँग्रेसला मिळाली एक. जूनमध्ये भैरोसिंह शेखावत मुख्यमंत्री झाले. जयगड 1983 साली पर्यटकांसाठी खुला झाला. आता गाईड पाण्याच्या मोठ्या टाक्याशी उभं करून खजिन्याची गोष्ट रंगवून सांगतात. तुम्ही गेलात तर त्यांना आवर्जून विचारा, त्या वर्षी किल्ल्याचा मालक कुठे होता.