मागायचं नाही, समोर येईल ते खायचं

'ओमाकासे' म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. टोकियोच्या गिन्झा भागातल्या एखाद्या नावाजलेल्या सुशीच्या दुकानात आठ-दहा खुर्च्या, एक लाकडी काउंटर आणि पलीकडे शेफ, एवढाच मामला असतो. मेन्यूकार्ड नसतं. शेफ एकेक घास वळून समोर ठेवतो, तो लगेच तोंडात टाकायचा. वीसेक घास झाले की जेवण संपतं, आणि बिल तीस हजार येनच्या वर सहज जातं. एवढे पैसे मोजायचे आणि निवडीचा हक्कही सोडून द्यायचा. ही शेकडो वर्षांची परंपरा असेल असं वाटतं ना? तसं नाही. सुशीच्या इतिहासातला बराच काळ गिऱ्हाईक आपल्याला हवं ते मागूनच खात होतं.

त्याही आधी सुशी हा मासा टिकवण्याचा एक प्रकार होता. मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन् महिने आंबवायचा आणि खायच्या वेळी भात बहुतेक फेकून द्यायचा. बिवा सरोवराकाठी 'फुनाझुशी' अजूनही अशीच करतात. तिचा वास सोसायला सवय लागते.

आज आपण जिला सुशी म्हणतो ती निगिरी एदोमधली, म्हणजे जुन्या टोकियोतली. १८२०च्या दशकात हानाया योहेई याने ती लोकप्रिय केली असं मानतात. तिचा शोध त्यानेच लावला का, यावर वाद घालता येईल. पण एदोला अशा खाण्याची गरज होती, यात शंका नाही. शहर लाखो लोकांचं, त्यात कामासाठी आलेले एकटे पुरुष भरपूर. आंबवण्याऐवजी भाताला व्हिनेगर लावलं की महिन्यांचं काम मिनिटांत होई. हे व्हिनेगर साकेच्या चोथ्यापासून केलेलं, तांबूस आणि स्वस्त. रस्त्यावरच्या गाडीपाशी उभं राहायचं, बोट दाखवायचं, दोन-तीन घास खायचे आणि चालू पडायचं. घासही आजच्या दुप्पट-तिप्पट मोठा. एकाची किंमत साधारण आठ मोन, तर सोबा नूडल्सचा वाडगा सोळा मोनला.

मात्र 'गरिबांचं खाणं श्रीमंतांनी पळवलं' अशी सरळ गोष्ट इथे सांगता येत नाही. महागडी सुशी तेव्हाही होती. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला, तेंपो सुधारणांच्या काळात सरकारने चैनीविरुद्ध बडगा उगारला, तेव्हा उंची सुशी विकणाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. त्यात खुद्द योहेईचंही नाव सांगितलं जातं.

मासा मात्र ताजाच हवा असा त्या काळी आग्रह नव्हता, कारण बर्फ नव्हता. कोहादा मिठात आणि व्हिनेगरमध्ये मुरवत, अनागो शिजवत, ट्यूना सोया सॉसमध्ये बुडवून ठेवत. कारागिरी होती ती या मुरवण्यात. ट्यूनाचं चरबीदार पोट, म्हणजे आज सोन्याच्या भावाने जाणारा 'तोरो', चटकन खराब होई. त्याला कुणी विचारत नसे.

१९२३च्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झालं आणि अनेक सुशी कारागीर आपापल्या गावी परतले. एदोची सुशी त्यांच्याबरोबर देशभर गेली. पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो युद्धानंतरचा प्रसंग. १९४७मध्ये अन्नटंचाईमुळे उपाहारगृहांवर बंदी आली. टोकियोच्या सुशीवाल्यांनी युक्तिवाद केला, आम्ही खाणं विकतच नाही, लोकांच्या तांदळाची फक्त सुशी करून देतो. तो मान्य झाला. एक 'गो', म्हणजे १८० मिलिलिटर भांडंभर तांदूळ घेऊन यायचं, करणावळ द्यायची आणि दहा घास घेऊन जायचे. दळणाच्या गिरणीसारखाच व्यवहार! आजच्या घासाचा आकार बराचसा याच हिशेबातून ठरला. म्हणजे शेफवर सगळं सोपवण्याच्या काही दशकं आधी गिऱ्हाईक स्वतःचा तांदूळ बगलेत घेऊन त्याच्या दारात उभं होतं.

पुढे स्वच्छतेच्या नियमांनी गाड्या रस्त्यावरून हटल्या. गाडीची फळी दुकानात आली, तिचा काउंटर झाला, आणि उभ्याने खाणारा खुर्चीवर बसला. तरी तो हवं ते मागतच होता. या पद्धतीला 'ओकोनोमी' म्हणतात. पाटीवर किमतीऐवजी 'बाजारभावाप्रमाणे' असं लिहिलेलं असे, त्यामुळे बिल येईपर्यंत जीव टांगणीला. काय मागावं, कुठल्या ऋतूत कुठला मासा चांगला, हे न कळणाऱ्याला काउंटरवर बसायची धास्तीच वाटे. १९५८मध्ये ओसाकाजवळ सरकत्या पट्ट्यावरची सुशी सुरू झाली आणि अशा माणसाची सोय झाली. त्याच्यासाठी दुसरी वाट ओमाकासेची. गेल्या काही दशकांत उंची दुकानांनी ती सक्तीचीच केली. शेफलाही ती परवडते: दहा खुर्च्या, ठरलेले घास, म्हणजे पहाटे बाजारात नेमका तेवढाच मासा घ्यायचा, वाया काही जात नाही.

तेव्हा हा निव्वळ श्रद्धेचा मामला नाही, त्यात हिशेबही आहे. आणि विश्वास कुणाच्या हातांवर ठेवायचा हेही आधीच ठरलेलं असतं. बायकांचे हात उष्ण असतात, त्याने मासा बिघडतो, असं कारण देऊन त्यांना वर्षानुवर्षं काउंटरमागे उभं राहू दिलं नाही. याला आधार काहीच नाही. आज स्त्रिया सुशी शेफ आहेत, पण थोड्याच.

जिरो ओनो यांचं गिन्झातलं तळघरातलं दुकान दहा खुर्च्यांचं. २००७मध्ये मिशेलिनने त्याला तीन तारे दिले, २०११मध्ये त्यांच्यावर माहितीपट आला, २०१४मध्ये ओबामा तिथे जेवले. २०१९मध्ये मिशेलिनने ते दुकान यादीतून काढलं. चव बिघडली म्हणून नव्हे. सामान्य माणसाला तिथे जागाच राखून ठेवता येत नाही म्हणून.