धातुपृष्ठ-संस्करणातील रसायनांची जुनी नावे

धातूच्या वस्तूवरील मळ व ऑक्साइड काढणे, तिला मुलामा देणे वा झिलई आणणे यांसाठी तांबट, कल्हईवाले व सोनार परंपरेने जी द्रव्ये वापरीत आले, त्यांची ही व्यवहारातील नावे होत. द्रव्याचे रूप, उगम वा उपयोग यांवरून ती पडलेली असल्याने त्यांवरून संघटनाचा बोध होत नाही. संघटन दर्शविणारी नामपद्धती लव्हॉयझर व त्यांचे सहकारी यांनी फ्रान्समध्ये १७८७ साली मांडली.

नाशिक येथील तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा जुना आहे. अशा भांड्यांना कल्हई करताना नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड वापरतात. तापलेल्या भांड्यावर त्याचे अपघटन होऊन अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड हे वायू निर्माण होतात. हायड्रोजन क्लोराइडामुळे पृष्ठावरील ऑक्साइड निघून जाते व २३२° से. तापमानास वितळणारे कथिल स्वच्छ तांब्यास चिकटते. भांडी उजळणाऱ्या चिंचेतील प्रमुख अम्ल टार्टारिक होय. डाख देताना वापरावयाचा टाकणखार (सवागी) म्हणजे सोडियम टेट्राबोरेट. वितळल्यावर तो धातूंची ऑक्साइडे विरघळवितो. शोरा हे पोटॅशियम नायट्रेट, हिराकस हे सजल फेरस सल्फेट, तर तुरटी हे पोटॅशियम व ॲल्युमिनियम यांचे संयुक्त सल्फेट होय.

मोरचूद म्हणजे सजल कॉपर सल्फेट. त्याच्या विद्रावात लोखंड बुडविल्यास त्यावर तांबे बसते. यावरून लोखंडाचेच तांबे झाले, असे किमयागार मानीत. वस्तुतः लोखंड विद्रावात जाते व तांबे बाहेर पडते. तांब्याच्या विद्युत् विलेपनातही हेच लवण सल्फ्यूरिक अम्लासह वापरतात. कारखान्यात त्याचे नाव बदलले, तरी शेतीत जुनेच रूढ आहे. पिंपळगाव बसवंतच्या (ता. निफाड) परिसरातील द्राक्षबागाईतदार बोर्डो मिश्रण करताना चुन्याबरोबर घेतात ते मोरचूदच.

तथापि प्रत्येक जुन्या नावास एकच आधुनिक प्रतिशब्द असतो, असे नाही. तेजाब हे कोणत्याही तीव्र अम्लाचे नाव आहे. चांदी विरघळवून सोने वेगळे करणाऱ्या सोनाराचे तेजाब म्हणजे नायट्रिक अम्ल; त्यात हायड्रोक्लोरिक अम्ल मिसळल्यास बनणाऱ्या अम्लराजात मात्र सोनेही विरघळते. सज्जीखार हे अशुद्ध सोडियम कार्बोनेट असल्याने शुद्ध कार्बोनेट तेवढ्याच वजनाने घेता येत नाही. मोरचुदाच्या वजनात सु. ३६ टक्के पाणी असते, म्हणून निर्जल कॉपर सल्फेट घेताना प्रमाण कमी करावे लागते. यास्तव जुन्या कृतीचा अर्थ लावताना नावाबरोबरच द्रव्याचे वर्णन, त्याची शुद्धता व त्याच्याकडून अपेक्षित असलेली क्रिया ताडून पाहणे आवश्यक ठरते. अन्यथा वस्तूची व प्रसंगी कारागिराचीही हानी होते.