४०१६ : नांदगावच्या एका आकड्याची कुळकथा

अलिबागहून मुरुडकडे जाताना काशीद मागे पडले की नांदगाव लागते. पोफळीच्या वाड्या, सिद्धिविनायकाचे देऊळ, पलीकडे समुद्र. संस्कृत ग्रंथांतले नंदिग्राम ते हेच. इथल्या केशव दैवज्ञांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी 'ग्रहलाघव' रचले. त्याचे आरंभवर्ष शके १४४२, म्हणजे इ.स. १५२०. महाराष्ट्रातली पंचांगे पुढे कित्येक पिढ्या याच ग्रंथावरून होत राहिली. त्याच्या गणिताचा कणा म्हणजे ४०१६ ही संख्या.

ग्रह आज कुठे आहे हे काढायचे, तर आधी अहर्गण हवा; अहर्गण म्हणजे ठरावीक आरंभापासून लोटलेल्या दिवसांची मोजदाद. कलियुगारंभापासून मोजली तर ग्रंथाच्या आरंभदिवशी, १९ मार्च १५२० ला, ती १६,८७,८५० भरते. तिला ग्रहाच्या महायुगातल्या फेऱ्यांनी गुणायचे आणि महायुगाच्या दिवसांनी भागायचे. सूर्यसिद्धान्तात हे दिवस १,५७,७९,१७,८२८ आहेत. एक हातचा चुकला की सगळे पुन्हा मांडायचे! पंचांगाच्या गणितासाठी रचलेल्या करणग्रंथांनी आरंभ अलीकडचा धरून अहर्गण लहान केला होता खरा, पण वर्षे सरतील तसा तो परत फुगत जाई. गणेश दैवज्ञांनी ते फुगणेच बंद केले.

त्यांनी अकरा वर्षांचे एक चक्र धरले. अकरा वर्षांचे महिने १३२, त्यांत अधिकमास ४, एकूण १३६. महिन्याच्या तीस तिथी धरून ४०८० तिथी. तिथी दिवसाहून किंचित लहान असल्याने साधारण चौसष्ट तिथींमागे एक दिवस कमी भरतो. ४०८० मधून ६४ वजा केले की ४०१६.

प्रत्येक ग्रह ४०१६ दिवसांत किती सरकतो, हे ध्रुवक म्हणून एकदाच काढून ठेवले. मग पूर्ण चक्रांचा हिशेब ध्रुवकाने करायचा आणि उरलेल्या थोड्या दिवसांपुरती गती मोजायची. शिवाय ग्रंथभर ज्या-चापाचे, म्हणजे त्रिकोणमितीचे, गणित नाही. एवढी सोय आणि तरी आकाशाशी मेळ, हे मला फार मोठे काम वाटते.

खरी गंमत पुढे आहे. १३६ चांद्रमासांचे दिवस ४०१६ पेक्षा सुमारे ०.१६ ने जास्त असतात. हा अपूर्णांक टाकून दिलेला नाही: अहर्गण काढताना चक्रसंख्येचा सहावा भाग मिळवायचा, असा नियमच आहे. एकषष्ठांश म्हणजे ०.१६६, शेष सोडून पूर्णांक तेवढा घ्यायचा. वाराचीही सोय याच संख्येत आहे. ४०१६ ला सातने भागले की बाकी पाच, म्हणून अहर्गणात चक्रांची पाचपट मिळवून सातने भागायचे आणि शेष सोमवारपासून मोजायचा. तो आरंभदिवस सोमवार होता, म्हणून शेष शून्य म्हणजे सोमवार. वार एकाने पुढेमागे आला, तर अहर्गणात तेवढा एक दिवस कमीजास्त करून घ्यायचा.

शके १९४८ चा पाडवा, १९ मार्च २०२६, घेऊन पाहू. कलियुगापासूनचे दिवस १८,७२,६५३. नांदगावच्या रीतीने १९४८ मधून १४४२ गेले, उरले ५०६. अकराने भागले की चक्रे ४६, बाकी शून्य. चक्रांत धरलेल्या अधिकमासांहून दरम्यान वाढलेले दोन अधिकमास आणि तो सहावा भाग धरून अहर्गण फक्त ६७. चक्रांची पाचपट २३०, अधिक ६७, बेरीज २९७. सातने भागून शेष ३. सोमवारपासून मोजत गेलो की गुरुवार.