कोळसा आणि माणसे : १९४६ चा इटली-बेल्जम करार

युरोपातील औद्योगिक सहकार्याचा इतिहास लिहिताना ९ मे १९५० च्या शूमान घोषणेपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. हा प्रघात सोयीचा असला, तरी त्यामुळे एक महत्त्वाचे प्रकरण दृष्टीआड होते. या घोषणेच्या जवळजवळ चार वर्षे आधी, २३ जून १९४६ रोजी, रोम येथे इटली व बेल्जम यांच्यात खाणउद्योगासंबंधी एक करार झाला होता. युद्धोत्तर युरोपात सरहद्दीपलीकडील सहकार्य प्रत्यक्षात कोणत्या पायावर उभे राहिले, हे त्या करारावरून शूमान यांच्या उदात्त शब्दांपेक्षा अधिक स्पष्टपणे कळते.

दोन्ही देशांची निकड खरी होती. बेल्जमच्या भूगर्भात कोळसा होता, परंतु तो खणण्यास माणसे नव्हती. पंतप्रधान आखिल व्हान आकर यांनी १९४५ मध्ये ‘कोळशाची लढाई’ पुकारली, तरी बेल्जियन तरुण खाणीत उतरावयास राजी नव्हते. आणि खाणींत राबविलेल्या जर्मन युद्धकैद्यांना केव्हा तरी मुक्त करणे भागच होते. इटलीची स्थिती नेमकी उलट होती. तेथे बेकारी अफाट होती आणि कारखान्यांना कोळसा नव्हता. इटलीने ५०,००० मजूर पाठवावेत आणि बेल्जमने इटलीला कोळसा विकावा, असे ठरले.

कराराची खरी ओळख त्यातील मोजमापावरून पटते. बेल्जमचे मासिक उत्पादन साडेसतरा लाख टनांहून कमी असल्यास दर हजार खाणमजुरांमागे दरमहा २,५०० टन, ते त्याहून वाढल्यास ३,५०० टन आणि वीस लाखांपलीकडे गेल्यास ५,००० टन कोळसा द्यावयाचा होता. हा कोळसा इटलीला फुकट मिळणार नव्हता. त्याची किंमत मोजावीच लागणार होती. ‘एका पोत्यासाठी एक माणूस विकला’ अशी जी लोकस्मृती पुढे रूढ झाली, ती या अर्थी काटेकोर नाही. तथापि ती खोटी आहे असेही म्हणवत नाही. कारण माणूस येथे गुणक म्हणूनच आला आहे. इटालियन मजुरास बेल्जियन मजुराइतकेच वेतन मिळेल, हे आश्वासन करारात होते, हेही न्यायाच्या दृष्टीने नमूद केले पाहिजे.

इटलीतील गावोगावी लागलेल्या गुलाबी भित्तिपत्रकांवर वेतन, कुटुंबभत्ता, रजा यांची माहिती ठळक होती. जमिनीखालील कामाच्या स्वरूपाविषयी मात्र फारसे काही नव्हते. मिलान स्थानकाच्या तळघरात मजुरांची वैद्यकीय तपासणी होई व तेथून गाड्या सुटत. यांतील बहुतेकांनी पूर्वी खाण पाहिलीही नव्हती. अनेकांच्या वाट्यास युद्धकैद्यांसाठी बांधलेल्या बराकीच निवासस्थान म्हणून आल्या. पहिल्या दर्शनाने भेदरून ज्यांनी खाणीत उतरण्याचे नाकारले, त्यांना करारभंगाबद्दल ब्रूसेल्समधील पती-शातो या लष्करी इमारतीत कोंडून ठेवीत आणि मग मायदेशी परत धाडीत. हे मजूर कायद्याने स्वतंत्र नागरिक होते.

१९५२ मध्ये कोळसा-पोलाद समुदाय अस्तित्वात आला आणि बेल्जम व इटली हे दोघेही त्याचे सभासद झाले. त्यामुळे मजुरांच्या स्थितीत मूलगामी पालट व्हावयास हवा होता, असे वाटणे साहजिक आहे. परंतु समुदायाच्या उच्चाधिकार मंडळास किमती, जकाती व गुंतवणूक यांबाबत जे अधिकार मिळाले, तसे खाणींतील सुरक्षिततेबाबत मिळाले नाहीत. त्या विषयात त्याने संशोधनास उत्तेजन द्यावे, एवढीच अपेक्षा होती. सुरक्षा हा ज्या त्या राज्याचा प्रश्न राहिला. कोळशाला सरहद्द उरली नाही. खाणमजुराच्या जिवाला ती उरली.

८ ऑगस्ट १९५६ रोजी सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी शार्लरवाजवळील मार्सिनेल येथे, ब्वा द्यू काझिये खाणीत ९७५ मीटर खोलीवर, कोळशाचा एक डबा पिंजऱ्यात पुरता न बसता बाहेर डोकावत राहिला. वर व खाली असलेल्यांत इशाऱ्यांचा घोटाळा झाला आणि पिंजरा वर ओढला गेला. डब्याच्या धक्क्याने विजेच्या तारा, तेलाची नळी व दाबाखालील हवेची नळी ही सर्व एकदम तुटली. ज्या विहिरीतून ताजी हवा आत जात असे, तिच्यातच आग भडकल्यामुळे विषारी धूर हवेच्या वाटेनेच सर्व बोगद्यांत शिरला. २६२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत इटालियन १३६, बेल्जियन ९५. आब्रुत्सो या एकाच प्रांतातील साठ जण होते. पंधरा दिवसांच्या शोधानंतर खालून वर आलेल्या माणसाने जे सांगितले, ते इटालियन भाषेत सांगितले : सगळी प्रेतेच आहेत.

खटल्यात प्रथम सर्व आरोपी सुटले. १९६१ मध्ये अपिलात खाणीच्या एका संचालकास सहा महिन्यांची स्थगित शिक्षा व दंड झाला. इटलीने मजुरांची रवानगी थांबविली. समुदायाने सप्टेंबर १९५६ मध्ये सुरक्षा परिषद बोलाविली आणि १९५७ मध्ये स्थायी खाण-सुरक्षा मंडळ स्थापन झाले. मूळ करारात सभासद-राज्यांनी जे देण्याचे टाळले होते, त्याचा थोडा अंश अशा रीतीने समुदायाच्या हाती आला. याच सुमारास बेल्जमने स्पेनशी (१९५६) व ग्रीसशी (१९५७), आणि १९६४ मध्ये मोरोक्को व तुर्कस्तानशी मजूरभरतीचे करार केले. जो धडा एका देशाने घेतला, त्याची किंमत दुसऱ्या देशाच्या मजुरांवर ढकलता येत होती.

वालोनीतील शेवटची कोळसाखाण १९८४ मध्ये व बेल्जममधील शेवटची १९९२ मध्ये बंद पडली. समुदायाचा पन्नास वर्षांचा करार २३ जुलै २००२ रोजी संपला. त्याची शिल्लक मालमत्ता कोळसा व पोलाद यांच्या संशोधननिधीकडे वळविण्यात आली; २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार हा निधी कार्बनमुक्त पोलादनिर्मितीच्या संशोधनास आणि खाणी मिटत चाललेल्या प्रदेशांच्या स्थित्यंतरास साहाय्य करतो. या निधीचे मूळ कोळसा व पोलादाच्या उत्पादनावर बसविलेल्या उपकरात आहे. ब्वा द्यू काझिये ही खाण १९५७ मध्ये पुन्हा चालू झाली आणि १९६७ च्या डिसेंबरात कायमची बंद पडली. तिच्या कोळशावरही तो उपकर आकारला जात होता.