डिकीची प्रतिष्ठा : भारतातील स्टेशन वॅगनची गोष्ट

माणूस वस्तू घेतो ती गरजेसाठी की मानासाठी, हा आपला आजचा प्रश्न. त्यासाठी आम्ही उदाहरण निवडलं आहे ते मोटारीचं.

नेहमीच्या सेडान मोटारीला मागे वेगळी डिकी असते. स्टेशन वॅगनचं छत मात्र शेवटपर्यंत सरळ जातं, मागे दार असतं, आणि मागची सीट पाडली की सामानाला सलग जागा मिळते. अमेरिकेत रेल्वे स्टेशनवर उतरलेली माणसं आणि त्यांच्या ट्रंका घरी नेणारी गाडी, म्हणून हे नाव. इंग्रज तिलाच ‘इस्टेट’ म्हणतात.

आता आपल्याकडे पाहा. मोठी कुटुंबं, गावाला जाताना वळकट्या आणि डबे, येताना आंब्याच्या पेट्या. अशा देशात ही गाडी घरोघर दिसायला हवी होती. तसं वाटणारेही होते. १९९२ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पुण्यात ‘टाटा इस्टेट’ काढली. १.९ लिटरचं डिझेल इंजिन, बटणावर चालणाऱ्या काचा! पुढे मारुतीने बलेनोची ‘अल्टुरा’ आणली, २००४ मध्ये टाटांनीच ‘इंडिगो मरिना’ आणली. बाजारात एकही रुजली नाही.

का? ज्यांना खरोखर जास्त माणसं न्यायची होती, ते १९९४ च्या सुमोकडे आणि २००० च्या क्वालिसकडे गेले. हे कारण सरळ आहे. दुसरं जरा खोल आहे. आमच्या एका सहकाऱ्यांनी वॅगन घेतली तेव्हा शेजारी म्हणाले, “सर, अँब्युलन्स घेतलीत की काय?” मागे छत वाढवलेली अँबॅसडर लोकांनी रुग्णवाहिका म्हणूनच पाहिली होती ना! डिकी असली की ती साहेबाची गाडी, नसली की कामाची.

याचा पुरावा लगेच मिळाला. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. मग २००८ मध्ये ‘इंडिगो सीएस’ आली. त्याच इंडिगोची डिकी कापून गाडी चार मीटरच्या आत बसवलेली! मरिनात सामानाची जागा वाढवली, ती लोकांनी नाकारली. इथे डिकी आखूड केली, ती मात्र चालली. स्वस्त पडली हे खरंच. पण स्वस्ताईच हवी होती तर बिनडिकीची इंडिका होतीच की.

गंमत पुढेच आहे. आज रस्त्यावर दिसणाऱ्या एसयूव्ही पाहा. लांब छत, मागे दार, पाडता येणारी सीट. जमिनीपासून थोडी उंच केली, नाव बदललं, आणि तीच सोय रुबाबाची झाली. म्हणजे आपण वस्तू नाकारली नव्हती, तिच्याबरोबर येणारी आपली प्रतिमा नाकारली होती.

घरी गेल्यावर आपल्याच घरातली एखादी वस्तू याच नजरेने पाहा. आम्हीही पाहणार आहोत. आता तुमचे प्रश्न घेऊ.