हँडलविरहित दार : कस्टम मोटारगाड्यांतील विद्युत जोडणीचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना
मोटारगाडीच्या इतिहासलेखनात इंजिन, वेग आणि उत्पादनपद्धती यांचा जेवढा विचार झाला, तेवढा दाराचा झालेला नाही. वस्तुतः अपघातप्रसंगी प्रवाशाची सुटका दारावरच अवलंबून असते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मालकाच्या आवडीनुसार घडविलेल्या 'कस्टम' गाड्यांच्या दारांत वीज कशी आली आणि त्या अनुभवाचा आजच्या गाड्यांशी कोणता संबंध आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी
दाराची काच यंत्रशक्तीने वर-खाली करण्याची सोय पॅकार्ड कंपनीने १९४० मध्ये द्रवदाबाच्या साहाय्याने दिली. क्रायस्लर कंपनीच्या १९५१ च्या इम्पीरियल गाडीत हेच काम विजेच्या मोटरीकडे आले. ही दोन्ही उदाहरणे कारखान्यात तयार झालेल्या, महागड्या गाड्यांची आहेत. कस्टम कारागिरांची प्रेरणा मात्र सोयीची नसून सौंदर्याची होती. गाडीची बाह्यरेषा अखंड दिसावी म्हणून ते दाराची हँडले काढून छिद्रे बुजवीत. कॅलिफोर्नियातील बॅरिस बंधूंनी १९५१ च्या मर्क्युरी गाडीवरून घडविलेली आणि १९५२ मध्ये प्रदर्शित झालेली 'हिरोहाता मर्क' ही या शैलीची सर्वपरिचित गाडी होय.

रचना आणि अडचणी
हँडल गेल्यावर दाराचा खटका ओढण्याचे काम सोलेनॉइडकडे सोपविण्यात आले. गुप्त जागी बसविलेले बटण दाबताच गुंडाळीतून प्रवाह वाहतो, आतील लोखंडी दांडा खेचला जातो आणि खटका सुटतो. तत्त्व सोपे असले तरी व्यवहारात दोन अडचणी होत्या. पहिली प्रवाहाची. मर्क्युरी गाड्यांत १९५५ पर्यंत ६ व्होल्टची व्यवस्था होती. तेवढ्याच शक्तीसाठी १२ व्होल्टच्या तुलनेत दुप्पट प्रवाह लागतो आणि त्याच जाडीच्या तारेत वाया जाणारी शक्ती चौपट होते. म्हणून जाड तार लागे. रिले वापरल्यास बटणातून अल्प प्रवाह जाऊन मुख्य भार स्वतंत्र मार्गाने वाहतो. दुसरी अडचण बिजागरीची. दार उघडताना व मिटताना तार प्रत्येक वेळी वाकते. एकसंध तांब्याची तार अशा वाकण्याने कालांतराने तुटते. त्यामुळे बारीक तंतूंची लवचीक तार, पुरेसा ढिला वळसा, रबरी नळीचे आवरण आणि बॅटरीजवळ फ्यूज ही पथ्ये आवश्यक ठरतात.

तथापि सर्वांत गंभीर प्रश्न जोडणीपलीकडचा होता. बॅटरी उतरली तर दार उघडायचे कसे? जाणते कारागीर यासाठी खटक्याला जोडलेली एक लपविलेली ओढतार ठेवीत. ती दिसत नसे, परंतु तिच्याविना काम पूर्ण मानणे धोक्याचे होते.

समकालीन संदर्भ
एकेकाळी हौसेपुरती असलेली ही रचना एकविसाव्या शतकात कारखान्यांत शिरली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०२१ च्या टेस्ला मॉडेल वाय गाड्यांच्या विद्युत हँडलांची प्राथमिक चौकशी सुरू केली. विद्युतपुरवठा अपुरा पडल्याने बाहेरून दार उघडत नसल्याच्या तक्रारी तीमागे होत्या. काही पालकांना आत अडकलेल्या मुलांसाठी काच फोडावी लागली होती. त्याच महिन्यात चीनच्या उद्योग मंत्रालयाने दाराला यांत्रिक उघडणी सक्तीची करणाऱ्या मानकाचा मसुदा प्रसिद्ध केला.

निष्कर्ष
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, दाराचे विद्युतीकरण ही केवळ तांत्रिक प्रगतीची कथा नाही. एकेका गाडीवर काम करणाऱ्या कारागिराला वीज गेल्यावर काय होईल, हा प्रश्न टाळता येत नसे, कारण ती गाडी त्याच्याच दारी परत येणार असे. लाखोंच्या उत्पादनात तो प्रश्न नियमांनी विचारावा लागतो. कारागिरीतील हे अलिखित शहाणपण आज कायद्याच्या भाषेत लिहिले जात आहे, आणि म्हणूनच तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा अनौपचारिक परंपरांची नोंद घेणे अगत्याचे आहे.